गाडीने अबोला धरलाय!

सेल्फ फिरतो, दिवे लागतात, म्युझिक सिस्टिमही वाजते. पण गाडी काही केल्या सुरू होत नाही आणि स्कॅनर म्हणतो, ‘नो रिस्पॉन्स’! अशा वेळी चाळीस हजारांचा नवा डबा घ्यायचा, की आधी वीस रुपयांच्या बल्बने खात्री करून घ्यायची?

शनिवार, संध्याकाळचे सात. पाऊस असा की वायपर फुल्ल स्पीडला टाकूनही पुढचा कंटेनर फक्त त्याच्या लाल दिव्यांवरून ओळखायचा. मागच्या सीटवर आई. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यामुळे पाय आडवा टाकून बसलेली. ठाण्याला डॉक्टरांना दाखवून आम्ही डोंबिवलीला परत निघालो होतो. शीळफाटा मागे पडला. ‘आता काय, काटई आलंच,’ असं मी म्हणतेय तोच डॅशबोर्डवर दिवाळी! इंजिनचा दिवा, एबीएसचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, सगळे एकदम. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं. मागून ट्रकवाल्याचा हॉर्न. दोन्ही हातांनी ओढून कशीबशी डावीकडे घेतली आणि हजार्ड लाइट लावून बसून राहिले. आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या सीटची पाठ घट्ट धरली होती.

दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी चक्क सुरू! जणू काही झालंच नव्हतं. घरी पोहोचलो. सोमवारी सकाळी मात्र बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच तिने मान टाकली. सेल्फ गरगर फिरतोय, पण इंजिन घेत नाही. शेवटी टोचन लावून गाडी सर्व्हिस सेंटरला.

संध्याकाळी फोन आला. “मॅडम, ईसीएम गेलाय. स्कॅनरला रिस्पॉन्स देत नाहीये. नवीन टाकावा लागेल. पार्ट, लेबर, प्रोग्रॅमिंग धरून अडतीस हजार सहाशे. पार्ट यायला दोन आठवडे.”

फ्रीलान्सरचं आर्थिक गणित काय असतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना माझा चेहरा कसा झाला असेल हे सांगायला नको. लेख आज, चेक तीन महिन्यांनी. अडतीस हजार म्हणजे माझी आख्खी तिमाही! बरं, गाडी बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतून घेतलेली. सात वर्षं जुनी, पण त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसलेली. आणि आईला फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा न्यायचं तर रिक्षाच्या धक्क्यांत कसं न्यायचं? पैसे भरण्यावाचून गत्यंतर नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात कॉलेजच्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘डबा बदलायच्या आधी माझ्या ओळखीच्या वायरमनला दाखव. कल्याणला आहे. काम नाही झालं तर पैसे घेत नाही.’

आधी ऐकून घेणारा वायरमन

लाल चौकीच्या पुढे एका गाळ्यात त्यांचं गॅरेज. गाळा कसला, एक गाडी आत आणि दोन बाहेर रस्त्यावर. वय पन्नासच्या आसपास, आयटीआय केलेलं, सुरुवातीची वीसेक वर्षं रिक्षा आणि टेम्पोच्या वायरिंगमध्ये गेलेली. आज टेबलावर टॅब्लेटसारखा स्कॅनर आणि शेजारी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर. भिंतीवरच्या खिळ्याला एक विचित्र वस्तू लटकत होती. दोन लांब वायरी, टोकांना पिना आणि मध्ये इंडिकेटरचा साधा बल्ब. त्या बल्बचं महत्त्व मला तासाभराने कळलं.

टोचन करून आणलेल्या गाडीच्या बॉनेटला त्यांनी हातही लावला नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, “सांगा, काय काय झालं. पहिल्यापासून.” अर्थात हे त्यांनी बाबांना सांगितलं. गाडी मी चालवत होते हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली, पण ते जाऊ द्या. पाऊस होता का? आधी कधी असं झालं होतं? दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली? गेल्या वर्षभरात गाडीत नवीन काय बसवलं? शेवटच्या प्रश्नावर मी ‘काही नाही’ म्हणाले. ते उत्तर चुकीचं होतं.

मग त्यांनी स्कॅनर जोडला. स्टिअरिंगखाली डावी-उजवीकडे चाचपलंत तर तुमच्याही गाडीत सोळा पिनांचं एक सॉकेट सापडेल. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. आपल्याकडे भारत स्टेज फोरबरोबर, २०१० च्या एप्रिलपासून पहिल्या टप्प्यात आणि २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात, गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायचा नियम आला. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सिक्स आलं आणि २०२३ च्या एप्रिलपासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचाही हिशेब मागितला जाऊ लागला. म्हणजे दर टप्प्याला गाडीत आणखी सेन्सर, आणखी वायरी आणि आणखी डबे. साध्या हॅचबॅकमध्येही आज असे पाच-सहा छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनचा एक, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक, स्टिअरिंगचा एक, दरवाजे-दिवे सांभाळणारा एक. भारी गाड्यांमध्ये ही संख्या पन्नासच्या वर जाते.

आठ-चौदाच्या लोकलमधला ग्रुप

हे डबे एकमेकांशी बोलतात ते फक्त दोन वायरींवरून! प्रत्येक डब्यातून प्रत्येक डब्याकडे वेगळी वायर टाकायची म्हटलं तर गाडीत माणसांपेक्षा तांबंच जास्त बसेल. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला ते जगापुढे मांडलं. नाव कॅन. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, एक ‘हाय’, एक ‘लो’. सगळे डबे त्याच जोडीला लटकलेले.

हा फंडा डोंबिवलीकरांना समजावून सांगावा लागत नाही. तुमचा आठ-चौदाच्या फास्टमधला ग्रुप आठवा. सगळ्या एकाच डब्यात, जी बोलेल ते सगळ्यांना ऐकू येतं, ज्याला ज्याचं काम तो तेवढं उचलतो. दोघींनी एकदम तोंड उघडलं तर जिचं काम जास्त अर्जंट ती बोलत राहते, दुसरी गप्प बसून नंतर बोलते. कॅनमध्येही हाच नियम आहे. ब्रेकचा निरोप आधी, खिडकीच्या काचेचा नंतर.

आता समजा, रोज येणारी एक मैत्रीण आज दिसली नाही. ग्रुपमधली प्रत्येक जण म्हणणार, ‘अगं, ती आज आली नाही.’ यातून काय सिद्ध होतं? फक्त एवढंच की ती आली नाही! तिला रिक्षा मिळाली नसेल, ताप आला असेल, चुकून स्लो लोकलमध्ये चढली असेल. ‘ती आली नाही, म्हणजे ती गेली’ असं कोणी म्हणत नाही.

स्कॅनरवर उमटलेला कोड होता यू-०१००. कोडचं पहिलं अक्षर खातं सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे आपापसातलं बोलणं. यू-०१०० चा शब्दशः अर्थ ‘इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला’. आणि गंमत म्हणजे हा कोड इंजिनच्या मॉड्यूलने दिलेलाच नसतो. तो गप्प बसलाय म्हणून शेजाऱ्यांनी केलेली ही तक्रार असते. ब्रेकवाला म्हणतोय, तो बोलत नाही. स्टिअरिंगवाला म्हणतोय, तो बोलत नाही. सर्व्हिस सेंटरने वाचलं ते अगदी बरोबर होतं. पण तिथून थेट ‘डबा मेला’वर मारलेली उडी? लोचा नेमका तिथे होता.

“आधी हजेरी घ्यायची,” वायरमनकाका म्हणाले. “कोण बोलतंय, कोण नाही.” सगळेच गप्प असतील तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, एखादी बॉडीला टेकलीय किंवा एखाद्या बिघडलेल्या डब्याने सतत आरडाओरडा करून सगळी लाइनच अडवून धरलीय. किंवा अगदीच साधं म्हणजे सॉकेटलाच करंट नाही. पुष्कळ गाड्यांत मोबाइल चार्जिंगच्या पॉइंटचा आणि स्कॅनरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो, स्वस्तातल्या चार्जरने तो उडवलेला असतो आणि मग स्कॅनरच चालू होत नाही. दोघे-तिघेच गप्प असतील तर त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधायचं. एखादा फ्यूज, एखादा जोड, एखादा अर्थ. आणि एकटाच गप्प असेल तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची.

आमचा एकटाच गप्प होता. बाकी चौघे हजर.

साठ की एकशेवीस?

इथून पुढे जे घडलं ते मला एखाद्या डिटेक्टिव्ह गोष्टीसारखं वाटलं. खरं सांगते, मी फिजिक्सला काठावर पास झालेली मुलगी आहे.

काकांनी बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले आणि मल्टिमीटरच्या पिना त्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा नंबर आणि चौदा नंबरवर लावल्या. या दोन पिना म्हणजेच कॅन हाय आणि कॅन लो. मीटरवर आकडा आला साठ ओहम. काका खुश! का? तर या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर बसवलेला असतो. तो नसेल तर सिग्नल टोकावर आपटून परत येतो, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तसा, आणि कोणालाच काही धड ऐकू येत नाही. १२० चे दोन समांतर जोडले की होतात साठ. मीटरवर १२० दिसले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ दिसलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

मग त्यांनी बॉनेटखाली जाऊन ईसीएमचं कपलर काढलं आणि परत सॉकेटवर मोजलं. आता १२०. “बघा, या गाडीत एक रेझिस्टर ईसीएमच्या पोटात आहे. डबा जोडल्यावर साठ, काढल्यावर एकशेवीस. म्हणजे दोन्ही वायरी डब्यापर्यंत नीट पोहोचतायत.” लाइन शाबूत. मैत्रिणीचा फोन लागतोय, रेंज आहे. मग ती उचलत का नाही?

उरले दोनच संशयित. एक तर डबा उपाशी आहे, नाहीतर खरंच मेलाय.

बॅटरी परत जोडून, किल्ली ऑन करून काकांनी कपलरमधल्या सप्लायच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये मीटर लावला. १२.४ व्होल्ट! माझा जीव खाली बसला. करंट आहे, अर्थ आहे, लाइन आहे. म्हणजे गेलाच की डबा. सर्व्हिस सेंटरमध्येही बहुतेक इथपर्यंतच आले असावेत. त्यांनी फसवलं असं मला आजही वाटत नाही.

काकांनी भिंतीवरचा बल्ब काढला.

गाडीला ‘अर्थ’ नाही

बल्ब म्हणजे इंडिकेटरचा २१ वॉटचा, दुकानात वीस रुपयांना मिळणारा. एक पिन सप्लायला, दुसरी पिन अर्थला. बल्ब लागला. पण कसा? लोडशेडिंगच्या काळात खेड्यात लागायचा तसा, पिवळट, मरगळलेला. मग काकांनी सप्लायची पिन तशीच ठेवली आणि अर्थची पिन काढून दुसरं टोक सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. लख्ख प्रकाश!

“ताई,” पहिल्यांदाच माझ्याकडे बघत ते म्हणाले, “गाडीला अर्थच मिळत नाहीये.”

आयुष्यात इतकं तत्त्वज्ञानाचं वाक्य इतक्या कोरड्या चेहऱ्याने कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मीटरला हे का कळलं नाही? कारण मीटर जवळपास काहीच करंट खेचत नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात असंच होतं. नळाखाली पेला धरला तर पाणी येतं, दिसतं. बादली लावून शॉवर सुरू केला की धार करंगळीएवढी. पाइप आतून गंजाने भरलेला असतो, पण थेंब-थेंब जायला तेवढी जागा पुरते. मीटर म्हणजे पेला. बल्ब म्हणजे शॉवर. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि तिथे पितळ उघडं पडतं. किल्ली फिरवल्यावर ईसीएमला इंजेक्टर उघडायचे असतात, कॉइल चालवायची असते. तेवढा करंट त्या गंजलेल्या वाटेने परत जाऊच शकत नव्हता. व्होल्टेज कोसळायचं, डबा बेशुद्ध व्हायचा आणि शेजारी ओरडायचे, तो बोलत नाही, तो बोलत नाही!

बल्ब लागलेला असतानाच काकांनी मीटर अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लावून दाखवला. तिथे दशांश एक व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं होतं. दिसत होते साडेतीन. आमच्या अर्थची वाट अशी लागलेली होती.

आता ती वाट शोधायची. ईसीएमच्या अर्थच्या वायरी बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टवर येतात. ट्रे काढला आणि खाली काय दिसलं? पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थराने माखलेला बोल्ट, त्यावर ईसीएमचं थिंबल, आणि त्या थिंबलच्या आणि बॉडीच्या मध्ये घुसवलेलं आणखी एक स्वस्तातलं थिंबल. त्याची काळी वायर पुढच्या बंपरकडे जात होती.

“हे काय आहे?” काकांनी विचारलं.

मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. हॉर्न! मागच्या दिवाळीत माझ्या भावाने हौसेने बसवून घेतलेला डबल टोनचा हॉर्न. बसवणाऱ्याने अर्थसाठी सगळ्यात सोयीचा बोल्ट निवडला, रंग खरवडला नाही, दातेरी वॉशर परत लावला नाही आणि बोल्ट हातानेच आवळून सोडून दिला. मग एक आख्खा पावसाळा त्या फटीत पाणी मुरलं. ‘गाडीत नवीन काय बसवलं?’ या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पॉलिश पेपरने बोल्टची जागा चकचकीत घासली. जुनं थिंबल कापलं, आत वायरीचं तांबं काळं पडलं होतं, ते चांगलं तांबं लागेपर्यंत मागे सोललं, नवं थिंबल दाबून बसवलं, पान्याने आवळलं, वरून ग्रीस. बल्ब परत लावला. लख्ख! कपलर जोडलं, स्कॅनरवर परत हजेरी घेतली. पाचही हजर. बाबांनी किल्ली फिरवली आणि पहिल्या सेल्फला इंजिन सुरू.

बिल बाराशे रुपये. त्यातले आठशे ‘शोधायचे’ आणि चारशे ‘करायचे’, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. हा हिशेब मला फार आवडला. आपण पार्टचे पैसे मुकाट भरतो, शोधण्याचे पैसे मागितले की मात्र आपल्याला लुटल्यासारखं वाटतं. मग शोधायला वेळ कोण घालवणार? डबा बदलून टाकणंच सगळ्यांना सोपं पडतं.

उंदीर, पाणी आणि शँपू वॉश

गाडी तयार होईपर्यंत त्या गाळ्यात आणखी तीन गाड्या येऊन गेल्या. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या गाड्यांच्या अबोल्याची कारणं काकांना तोंडपाठ आहेत. पहिला नंबर उंदरांचा. घोडबंदर रोडच्या टॉवर्समधले पार्किंग असोत की डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगखालची स्टिल्ट, पावसाळ्यात उंदराला कोरडी आणि ऊबदार जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन म्हणजे त्याचं फाइव्ह स्टार हॉटेल. कॅनच्या दोन वायरींपैकी एक कुरतडली तरी पुरे.

दुसरा नंबर पाण्याचा. वायपरखालच्या जाळीत पानं अडकतात, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पाणी झिरपत आत कार्पेटखाली येतं. फूटमॅट वरून कोरडी, खालचा स्पंज मात्र ओला! काही गाड्यांत सीटखाली किंवा पायाशीच एखादं मॉड्यूल किंवा जोड असतो. त्यामुळे गाडीत कुबट वास येत असेल तर परफ्यूम टांगू नका, कार्पेट उचलून बघा. इंजिनवर थेट प्रेशर मारून केलेला शँपू वॉशही कपलरमध्ये पाणी घालतो. चकचकीत इंजिनचा फोटो छान येतो, पण काकांच्या शब्दांत सांगायचं तर ‘इंजिन काय लग्नाला न्यायचंय?’ बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटसाठी इंजेक्टरच्या वायरी कापून, नुसत्या पिळून टेप गुंडाळलेले जोडही त्यांच्या यादीत वर आहेत.

आणि पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदीने कल्याण-बदलापूरकडे काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला आठवतं. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हाही या पट्ट्यात पाणी शिरलंच होतं. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पुसून, नवे सीटकव्हर घालून परत बाजारात येऊ शकते. २००५ मध्ये रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांत कार्ब्युरेटर होता, सुकवला की चालायची. आजच्या गाडीत पाणी कपलरमध्ये शिरलं की सहा महिन्यांनी, उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी, एकेक मॉड्यूल गप्प व्हायला लागतं. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा सीटचे नट-बोल्ट आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचा शेवटचा भाग बघा. गंज आणि गाळ तिथे राहतो.

आणि खरंच मेला असेल तर?

तेही होतं. जंपस्टार्ट करताना प्लस-मायनस उलटं लावलं, बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग केलं, डब्याच्या आतच पाणी गेलं, तर डबा जाऊ शकतो. सप्लाय लोडवर ओके, अर्थ लोडवर ओके, लाइन ओके, आणि तरीही तो गप्प, तर मग काका स्वतःच सांगतात की बदला. पण तेव्हाही कुर्ल्याच्या भंगारातून त्याच मॉडेलचा जुना डबा आणून लावला की झालं, असं समजू नका. किल्लीतल्या चिपचा कोड डब्यात नोंदवलेला असतो, तो जुळला नाही तर गाडी सुरू होत नाही. नव्या डब्याला गाडीची आणि किल्ल्यांची ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर लागतं. प्रोग्रॅमिंगचे पैसे त्याचे असतात आणि ते खरे असतात.

ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारं ब्लूटूथचं डोंगल घेऊन हे सगळं घरी करता येईल का, हा प्रश्न ऑफिसातल्या प्रत्येक गॅजेटप्रेमीने मला विचारून झालाय. अशी बहुतेक डोंगल्स मोबाइलवर फक्त इंजिनचे कोड दाखवतात. इंजिनचाच डबा गप्प असेल तर ती बिचारी काय दाखवणार? सगळ्या मॉड्यूलची हजेरी घेता येणारा स्कॅनर लागतो. आणि हौशी मंडळींना एक गोष्ट हात जोडून. एअरबॅगची कपलर बहुतेक गाड्यांत पिवळी असतात. तिथे बल्ब, मीटर, पिन काहीही लावू नका. एअरबॅग हातात फुटते! आणि एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा लागलेला असताना ‘गाडी तर चालतेय ना’ म्हणून फिरतही राहू नका. दिवा लागलाय याचा अर्थ अपघात झाला तर ती फुगेलच याची खात्री उरलेली नाही.

गॅरेजमध्ये ‘मॉड्यूल गेलंय’ असं ऐकलंत तर भांडू नका, फक्त विचारा: बाकीची मॉड्यूल बोलतायत का? सहा-चौदावर किती ओहम आले? सप्लाय आणि अर्थ लोड लावून तपासला का? उत्तरं आली तर माणूस जाणकार आहे, बिनधास्त गाडी द्या. समोरचा वैतागला तर गाडी दुसरीकडे दाखवायला हरकत नाही. मी हे तीन प्रश्न मोबाइलमध्ये नोट करून ठेवलेत. ऑफिसातल्या दोघांनी ते आत्तापर्यंत मागून घेतलेत.

निघताना काकांनी ते गंजलेलं थिंबल बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं, घरी आल्यावर भावासमोर टेबलावर ठेवलं आणि एक अक्षर न बोलता चहा प्यायले. हॉर्नची वायर अजून सुटीच आहे. नव्या बोल्टवर, रंग खरवडून, वॉशरसकट ती जोडायचं काम भावाकडे आहे आणि तो रविवार काही उजाडत नाहीये. आईची फिजिओथेरपी मात्र सुरू आहे. परवा काटईच्या त्याच वळणावर तिने मागून विचारलं, “आता बोलते ना गं ही?” मी डॅशबोर्डकडे पाहिलं. एकही दिवा नव्हता. “बोलते,” म्हटलं.